दंडापासून झुरण्यापर्यंत

माणसाची शक्ती ओसरू लागली की ते सांगायला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. 'वेन' म्हणजे कमी होत जाणे. चंद्राच्या उतरत्या कलांसाठी हा शब्द आजही वापरतात. 'लँग्विश'चे मूळ ढिले पडणे, गळून जाणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. 'फेड' मध्ये फिकटपणा आहे. या शब्दांतून उभे राहणारे चित्र साधारण एकसारखे आहे. जे घडते ते आपसूक घडते. चंद्र उतरतो, दोरी सैल पडते, रंग उडतो, तसा माणूस क्षीण होतो. कोणी केले, कशामुळे झाले, हा प्रश्न त्यात डोकावत नाही. याच घोळक्यात 'पाइन' नावाचा एक शब्द आहे. खंगणे, झुरणे, कशाच्या तरी ओढीने कुढत राहणे हे त्याचे आजचे अर्थ. वरवर पाहता तोही इतरांसारखाच निरुपद्रवी, थोडा काव्यमयच. पण त्याची कुळकथा न्यायसभेत सुरू होते, तिथून यातनागृहात जाते आणि मग कुठे झुरणाऱ्या माणसापाशी पोहोचते. या प्रवासात अर्थ बदलला हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातला कर्ता हरवला. हा कर्ता कसा हरवला आणि तो शोधणे आजही का गरजेचे आहे, हे या एका शब्दाच्या आधारे नीट दाखवता येते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. देवदाराच्या कुळातल्या सूचिपर्णी झाडालाही इंग्रजीत 'पाइन'च म्हणतात. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. त्यामुळे झुकलेल्या फांद्यांवरून झुरण्याचा अर्थ आला असेल अशी कल्पना कोणालाही सुचेल, पण ती चुकीची आहे. झाडाचे नाव लॅटिन 'पिनुस'वरून आले. क्रियापदाचा वंश वेगळा आहे, आणि तो ग्रीक भाषेतल्या 'पोइने' या शब्दापर्यंत मागे नेता येतो. 'पोइने' म्हणजे खुनाची भरपाई. एखाद्याने कोणाचा भाऊ किंवा मुलगा मारला, तर मारणाऱ्याने मृताच्या कुटुंबाला द्यायचा मोबदला. होमरच्या 'इलियड'च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर कोरलेल्या चित्रांचे वर्णन आहे, त्यात नेमका असाच एक खटला आहे. भर बाजारात लोक जमले आहेत, मारल्या गेलेल्या माणसाच्या 'पोइने'वरून दोघांचा वाद पेटला आहे, गुळगुळीत दगडांवर वृद्ध पंच बसले आहेत आणि सर्वांत सरळ न्याय सांगेल त्याच्यासाठी मध्यभागी दोन टॅलंट सोने ठेवले आहे. या चित्रात दुबळे होणे कुठेच नाही. हिशेब आहे, देणेकरी आहे, घेणेकरी आहे. भाषाशास्त्रज्ञ 'पोइने'चा संबंध परतफेड करणे, बदला घेणे या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. अवेस्ता भाषेतला दंडवाचक 'कएना' आणि संस्कृतातला परतफेड, प्रतिशोध या अर्थाचा 'अपचिति' हे शब्द त्याच धातूचे मानले जातात.

ग्रीकांकडून हा शब्द रोमनांकडे गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे 'पोएना' झाले. रोमचा सर्वांत जुना लिखित कायदा म्हणजे बारा फलकांचा कायदा. परंपरेनुसार तो इ. स. पूर्व ४५१-४५० मधला. त्यातल्या एका कलमाप्रमाणे कोणी दुसऱ्याला किरकोळ इजा केली, तर त्याला २५ आस, म्हणजे तांब्याची २५ नाणी, 'पोएना' पडत असे. इथेही 'पोएना' म्हणजे मोजून द्यायची रक्कम. दुसऱ्या शतकातला लेखक ऑलस गेलियस याने याच कलमासंबंधी एक हकीकत नोंदवली आहे. लुकियस वेराटियस नावाचा एक धनिक रस्त्याने जाताना समोर येईल त्याच्या थोबाडीत मारी. पैशांची थैली घेतलेला त्याचा गुलाम मागोमाग चालत असे आणि मार खाल्लेल्याच्या हातावर लगेच २५ आस मोजून ठेवी. काळाच्या ओघात नाण्याची किंमत इतकी घसरली होती की श्रीमंताला हा दंड लागतच नव्हता. पुढे न्यायाधिकाऱ्यांनी ठरावीक रकमेची ही पद्धत सोडून दिली आणि प्रत्येक इजेची भरपाई स्वतंत्रपणे ठरवण्यासाठी पंच नेमायला सुरुवात केली, असे गेलियस सांगतो. दरम्यान 'पोएना'चा अर्थही रुंदावत गेला होता. रकमेपुरता असलेला शब्द सगळ्या प्रकारच्या शिक्षेला लागू झाला. फुटबॉलमधली 'पेनल्टी', कोर्टाचे 'सबपीना' आणि १८६० साली तयार झालेल्या व २०२४ पर्यंत चाललेल्या 'इंडियन पीनल कोड'मधला 'पीनल' हे सगळे शब्द त्याच घराण्यातले. भारतीय दंडविधान आणि इंग्रजीतला झुरणारा माणूस यांचे मूळ एकच असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

लॅटिनमधला हा शब्द उत्तर युरोपात पोहोचला तो बहुधा ख्रिस्ती धर्माबरोबर. पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन ५९७ साली इंग्लंडमधल्या केंटमध्ये उतरला. त्यानंतरच्या शतकांत धर्मोपदेशाबरोबर लॅटिन शब्दांची मोठी आवक झाली. पाप, शिक्षा, नरक यांची भाषा ज्यांना नवी होती, त्यांच्या बोलीत 'पोएना'चे रूप 'पीन' असे रुळले आणि त्यावरून 'पीनियन' हे क्रियापद तयार झाले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अगदी स्पष्ट आहे: छळणे, यातना देणे. पुढच्या काळातल्या इंग्रजीत नरकयातनांसाठी हाच शब्द येतो आणि ख्रिस्ताने क्रूसावर सोसलेल्या वेदनांसाठीही. हा अर्थ केवळ जुन्या पोथ्यांत उरला आहे असे नाही. शेजारच्या भाषांत तो आजही धडधाकट आहे. डॅनिशमधले 'पिने' आणि स्वीडिशमधले 'पिना' या क्रियापदांचा अर्थ आजही छळणे हाच आहे. जर्मन 'पाइन' आणि डच 'पेन' वेदना सांगतात. एकाच शब्दाच्या या बहिणी शेजारी शेजारी ठेवल्या की इंग्रजीचे वेगळेपण लगेच नजरेत भरते. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये छळणारा आणि छळला जाणारा असे दोघे वाक्यात हजर असतात. इंग्रजीत एकटा सोसणारा उरला.

हे कसे झाले असावे, याचे धागे सापडतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमधून तोच लॅटिन शब्द दुसऱ्यांदा इंग्रजीत आला. या खेपेला त्याचे रूप होते 'पेन', म्हणजे आजचा वेदनावाचक शब्द. एकाच आईच्या या दोन लेकी एका घरात नांदू लागल्यावर कामाची वाटणी होणे स्वाभाविक होते. वेदनेचा अर्थ 'पेन'ने घेतला आणि 'पाइन' हे नाम मागे पडत गेले. क्रियापद मात्र टिकले, पण त्याचा रोख पालटला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा एक मधला अर्थ सापडतो, आणि सगळे वळण तिथेच आहे. तो अर्थ म्हणजे प्रायश्चित्त घेणे, स्वतःला क्लेश देणे. चर्चने सांगितलेले प्रायश्चित्त करणारा माणूस उपास करतो, जागरण करतो, अंगावर खरखरीत वस्त्र घालतो. इथे शिक्षा देणारा आणि भोगणारा एकाच देहात राहतो. त्यापुढचे पाऊल लहान आहे. क्लेश सोसणारे शरीर वाळते, म्हणून चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे क्रियापद खंगण्यासाठी येऊ लागले. उत्तर इंग्लंडच्या बोलीत त्याने आणखी एक अर्थ धरला, उपाशी ठेवण्याचा. यॉर्कशरच्या जुन्या बोलीत 'पाइन्ड' म्हणजे भुकेने व्याकूळ झालेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेवटचा अर्थ येऊन मिळाला, कोणासाठी तरी झुरण्याचा. तोवर इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चारही बदलत गेले होते आणि 'पीन'चे 'पाइन' झाले होते. दंड, यातना, प्रायश्चित्त, उपासमार, खंगणे, झुरणे अशी ही उतरंड आहे. तिच्या प्रत्येक पायरीवर शिक्षा देणारा हात थोडा थोडा धूसर होत जातो आणि शेवटच्या पायरीवर पूर्ण दिसेनासा होतो.

यावर पहिला आक्षेप व्याकरणाचा येईल. सकर्मक क्रियापद अकर्मक होणे ही कोणत्याही भाषेतली रोजची घडामोड आहे. तिच्यात एवढा आशय शोधण्याचे कारण काय? आक्षेप रास्त आहे. कर्ता हरवावा म्हणून कोणी कट केला नव्हता. पण असे होणे अटळ होते, असेही नाही. इंग्रजीतलेच 'स्टार्व्ह' हे क्रियापद पाहा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता मरणे असा होता. त्याचे जर्मन भावंड 'श्टेर्बेन' आजही तोच अर्थ सांगते. इंग्रजीत तो अर्थ आकसत भुकेने मरण्यापर्यंत आला आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याला सकर्मक रूपही मिळाले होते: कोणाला तरी उपाशी मारणे. म्हणजे एका शब्दातून कर्ता बाहेर गेला, तर दुसऱ्यात नव्याने आत आला. भाषेत दोन्ही वाटा मोकळ्या असतात. मराठीत तर त्या एकाच धातूत दिसतात. 'झुरणे' म्हटले की नजर झुरणाऱ्यावर खिळते. 'झुरवणे' म्हटले की कोण झुरवतो आहे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'झिजणे' आणि 'झिजवणे' यांचेही तसेच. व्याकरण कोणावर आरोप ठेवत नाही हे मान्य. पण वाक्यात कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही हे ते ठरवते, आणि ज्याला वाक्यात जागा नाही त्याची चौकशीही सहसा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा खरा अर्थ नव्हे. आज 'पाइन' वापरणाऱ्या इंग्रजाच्या मनात ना रोमन नाणी असतात, ना नरकयातना. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, वंशावळीतून ठरत नाही. हे शंभर टक्के खरे आहे, आणि आजच्या 'पाइन'मध्ये दंडाचा अर्थ दडला आहे असे सांगण्याचा इथे हेतू नाही. दावा याहून मर्यादित आहे. व्युत्पत्ती अर्थ ठरवत नसली, तरी एकाच अनुभवाकडे माणसे कोणकोणत्या बाजूंनी पाहू शकतात याची साक्ष ती देते. शरीर खंगणे या एकाच घटनेकडे एका पिढीने दुसऱ्याने दिलेली शिक्षा म्हणून पाहिले, एकीने स्वतः घेतलेले प्रायश्चित्त म्हणून आणि एकीने मनाचा स्वभाव म्हणून. यातली शेवटची नजर आज आपल्याला सहज वाटते, कारण ती सर्वांत अलीकडची आहे. पण सहज वाटणारी नजर पुरेशी असतेच असे नाही, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा शब्दकोशाबाहेर, स्कॉटलंडच्या कुरणांत मिळतो.

स्कॉटलंडमधल्या मेंढपाळांनी मेंढ्यांच्या एका रोगाला 'पाइन' किंवा 'पाइनिंग' असेच नाव दिले होते. स्वतः मेंढपाळी केलेला लेखक जेम्स हॉग याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगाबद्दल लिहिले आहे. मेंढी खाणे कमी करते, वाळत जाते, लोकर निकृष्ट होते, डोळ्यांतून पाणी गळते, डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतली त्वचा पांढुरकी पडते आणि शेवटी जनावर मरते. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की हे सारे भरपूर गवत असलेल्या कुरणात घडे. उपासमार म्हणावी तर चारा समोर होता. साथ म्हणावी तर शेजारच्या डोंगरावरचा कळप ठणठणीत होता. मेंढपाळांना कारण ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता. आजारी मेंढ्या दुसऱ्या जमिनीवर चरायला नेल्या की त्या सावरत. असाच रोग न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही होता. लोहयुक्त खनिज चारले की गुण येतो असे दिसल्यावर तिकडे लोहाची कमतरता हेच कारण मानले गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियात एरिक अंडरवुड आणि जॉन फिल्मर यांनी त्या खनिजातले लोह काढून टाकले, तरी गुण येतच राहिला. १९३५ मध्ये त्यांनी खरे कारण मांडले: कोबाल्ट. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात हेडली मार्स्टन आणि त्यांचे सहकारीही त्याच निष्कर्षाला आले. मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्टपासून ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. १९४८ मध्ये हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे झाले आणि त्याच्या गाभ्यात कोबाल्ट असल्याचे दिसले. चारा आंबून तयार होणाऱ्या एका आम्लातून मेंढी ऊर्जा मिळवते, आणि त्या कामाला ब-१२ लागते. ते कमी पडले की भूक मरते. गरज असते ती किलोभर कोरड्या चाऱ्यात जेमतेम ०.१ मिलिग्रॅम कोबाल्टची. एवढा कण जमिनीत नसला, तर हिरव्यागार कुरणात मेंढी उपाशी मरते.

मेंढपाळांनी काही व्युत्पत्ती पाहून हे नाव ठेवले नव्हते. जे दिसले त्याला त्यांनी नाव दिले. पण त्यामुळेच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते. 'पाइन' या नावात फक्त लक्षण होते, कारण नव्हते. मेंढीच नाजूक आहे, जातच कमकुवत आहे, असे म्हणून थांबता आले असते. कळप हलवणाऱ्या मेंढपाळाने कृतीतून वेगळेच म्हटले: उणीव जनावरात नसून त्याच्या पायाखालच्या जमिनीत आहे. शास्त्राने पुढे तेच सिद्ध केले. शब्दातून निघून गेलेला कर्ता इथे पुन्हा सापडला, फक्त या वेळी तो छळणारा माणूस नव्हता. मातीतला एक अभाव होता.

इथे शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप येतो. मेंढीचे ठीक आहे, पण प्रेमात झुरणाऱ्याचे काय? तिथे कोणी शिक्षा देत नाही, कुठले खनिजही कमी नसते. तो मनाचाच खेळ आहे. याचे उत्तर शोधताना रेने स्पिट्झ या मानसविश्लेषकाचे १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम आठवते. त्यांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना केली. एक होते अनाथ बालकांचे गृह. तिथे स्वच्छता होती, खाणे होते, वैद्यकीय देखभाल होती, पण एकेका परिचारिकेकडे बरीच मुले असल्याने कुशीत घेणारे कोणी नव्हते. दुसरे होते तुरुंगातले बालसंगोपनगृह, जिथे कैदी आयांना आपली मुले स्वतः सांभाळता येत. तुरुंगातली मुले चांगली वाढली. अनाथगृहातली वाढीत मागे पडली, खंगली, आणि त्यांतली अनेक दगावली. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर आणि नोंदींवर नंतर टीका झाली, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. तरी सततच्या मायेच्या स्पर्शावाचून लहान मूल नीट वाढत नाही हा मुख्य मुद्दा पुढच्या संशोधनातही टिकला. म्हणजे माणसाची ओढ हाही पोषणाचाच भाग आहे, आणि तिच्या अभावाने शरीर झिजते ही केवळ कविकल्पना नाही. इंग्रजी भाषेलाही हे कुठेतरी कळलेले दिसते. 'पाइन अवे' म्हटले की नुसते खंगत जाणे कळते. 'पाइन फॉर' म्हटले की कशासाठी तेही सांगावे लागते. त्या 'फॉर'च्या मागे घर येते, देश येतो, माणूस येतो. वाक्यातून गेलेला कर्ता परत आला नाही, पण त्या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययाने जे हरवले आहे त्याला वाक्यात जागा मिळवून दिली.

म्हणून या शब्दाच्या इतिहासातून घ्यायचा धडा असा की, खंगणाऱ्याचे वर्णन कितीही अचूक असले तरी ते अर्धेच असते. दुबळेपणाचे शब्द दुबळ्यावरच थांबतात. मूल रोडावले, म्हातारा माणूस खचला, गाव ओस पडत चालले, एखादी बोली क्षीण झाली, असे आपण म्हणतो आणि ती त्यांची प्रकृतीच असल्यासारखे पुढे जातो. 'इलियड'मधल्या पंचांना 'पोइने' म्हटल्यावर देणे कोणाचे आहे हे ठरवावे लागे. त्या शब्दात ती सक्तीच होती. आजच्या शब्दात ती उरलेली नाही, त्यामुळे ते काम आता बोलणाऱ्याने जाणीवपूर्वक करायला हवे. कोण खंगले हे दिसतच असते. कशावाचून खंगले आणि ते पुरवणे कोणाचे देणे होते, हे विचारल्याशिवाय उपाय सापडत नाही, आणि न्यायही होत नाही.